सुट्टीचा मंगळवार

पाइन क्रीकच्या बँकेने वाटलेल्या कॅलेंडरात
यंदा नोव्हेंबरचा तो मंगळवार लाल छापलाय.
राज्यपालांची सही झाली म्हणे.
व्हर्लीनने आकडा दोनदा बोटाने घासून पाहिला,
शाई ओली असली तर निघेल.

एकवीस वर्षं ती
कोंबड्यांच्या कारखान्यातून थेट रांगेत यायची,
पायांत रबरी बूट, हातांना पिसांचा वास,
अन् अग्निशमन केंद्राचं दार
तोंडावर लागतंय की काय, ही धाकधूक.
दोनदा लागलंही.

आज सकाळी दहाला त्या दारात ऊन होतं.
लाल बंबाशेजारी, पडद्याआड
तिने सगळी नावं वाचली, सावकाश,
पाणी मंडळाच्या उमेदवारांचीसुद्धा.
मागे कुणी खाकरलं नाही.

मग एवढा थोरला दिवस उरला.
त्याचं काय करायचं, हे कायद्यात नव्हतं.

कोपऱ्यावरच्या खानावळीत ती कॉफीला बसली.
किटली घेऊन आलेली मार्विना
तिच्या छातीवरचा स्टिकर बघत राहिली.
"तुझं झालं?"
"मला कुठली सुट्टी? आठला सुटते."
दारही आठलाच बंद होतं.

व्हर्लीन उठली.
मार्विनाच्या ॲप्रनची गाठ सोडवून
स्वतःच्या कमरेला बांधली.
"जा. पळू नकोस. सगळी नावं वाच."

पाच टेबलांवर तिने कॉफी ओतली,
एका म्हाताऱ्याच्या बशीत थोडी सांडलीही.
"नवीन दिसतेस," तो म्हणाला.
"हो ना," बशी पुसत ती म्हणाली,
"आजचाच पहिला दिवस."