बुधवारचा भाचा

ह्यांनी चौतीस वर्षं प्रेसमध्ये नोटा तपासल्या,
करकरीत, दुसऱ्यांच्या.
घरी आले की साबणानं दोनदा हात धुवायचे
आणि विचारायचे, मेथी कितीला आणलीस?

म्हणून बुधवारी मी उशिरा निघते.
नाशिकरोडहून बस, पुढे पायी.
गाडगे महाराज पुलाखाली पोचते तेव्हा
ऊन दुतोंड्या मारुतीच्या खांद्यावरून उतरत असतं
आणि मेथी अजून पंधरावर अडून बसलेली.
दहावर यायला तिला अर्धा तास लागतो.
अंधार पडला की पाचावरही येते,
पण तोवर जुडीनं मान टाकलेली असते.
दहा हाच खरा भाव.

तो अर्धा तास मी काढते रमीलाबेनच्या ढिगापाशी.
कुणाकुणाच्या कपाटातून पातेल्याच्या बदल्यात आलेले,
धुऊन, बटणं लावून मांडलेले शर्ट.
कॉलर आतून बघायची, बाहेरून नाही.
मग काखेतली शिवण.
मग तोंड वाकडं करायचं. मग भाव.

परवा तिथं एक पोरगा उभा होता,
नुकतंच डोकं केलेला, कमरेला ओला पंचा,
दंडावर काटा.
रामकुंडात वडलांना सोडून वर आला
तर पायरीवरचे कपडे गायब.
जीपमध्ये चुलते खोळंबलेले, हिंगोली लांब,
कनवटीला चाळीस रुपये.
ती म्हणाली, ऐंशी.
त्यानं शर्ट परत ठेवला,
बाह्या होत्या तशा दुमडून.

मला कुणाला पैसे देता येत नाहीत.
हात पाकिटापर्यंत जातो,
तिथं ह्यांचा आवाज बसलेला असतो.
भाव मात्र करता येतो.
तेवढंच काय ते माझ्याजवळ शिल्लक.

"ऐंशी? अगं, माझा भाचा आहे हा!"
कॉलर विरलीय, म्हटलं, तिसरं बटण सवतीचं,
खिशाला शाई, कुणा कारकुनाचा दिसतोय,
तुला तर हा एका चहाच्या गाळणीत पडला असेल.
साठ. पन्नास.
मी चार पावलं निघून गेले,
त्यालाही दंडाला धरून नेलं,
बिचाऱ्याला कळेना आपण का चाललोय.
"या मावशी, चाळीस."
"तीस. आणि ती टोपी वर."
"नाव काय भाच्याचं?" तिनं खाली बघतच विचारलं.
मी म्हटलं, सुहास.
तो म्हणाला, ज्ञानोबा.
दोघंही एकाच वेळी.

पुलावरून एक ट्रक गेला.
रमीलाबेन टोपी झटकत राहिली,
टोपीत नसलेली धूळ, बराच वेळ.
मग म्हणाली, दे तीस.

उरलेल्या दहाचे त्यानं द्राक्षांचे सुटे मणी घेतले,
घडातून गळालेले, पेपरच्या पुडीत.
आम्हा दोघींच्या हातावर मूठ मूठ ठेवली
आणि पळाला जीपकडे,
कारकुनाचा शर्ट मांडीपर्यंत लोंबत.

मणी गोड होते. एखादा चिरलेला.
मी विचारलं, रागावलीस?
ती सुईत दोरा ओवत होती.
"मागल्या महिन्यात तुमचा पुतण्या होता.
दिवाळीला ती ओली बाळंतीण, म्हणे नणंद.
लई मोठा गोतावळा तुमचा, मावशी.
फक्त पुढच्या वेळी
नाव आधी ठरवून आणा.
हसू दाबता दाबता माझा आकडा चुकतो."

वळले तर मेथी पाचावर आलेली, मलूल.
म्हातारी गोणपाट गुंडाळत होती.
मी दहाची नोट दिली,
तिच्या सुट्ट्यासाठी थांबले नाही.

घरी सांगितलं, दहाला मिळाली.
ह्यांनी जुडी दिव्याच्या उजेडात धरली,
नोट धरावी तशी, आरपार,
आणि म्हणाले, ही पाचाची आहे.
मी म्हटलं, हो.
आणि निवडायला बसले.