बरोबर पन्नास

शाळा सुटली तेव्हा तुइस्कूच्या दप्तरात
चाळीस पानांचा गठ्ठा होता.
वर लिहिलेलं : सुट्टीत अधूनमधून एक पान, आनंदानं.
'आनंदानं' बाईंनी दोनदा अधोरेखित केलं होतं,
म्हणूनच बहुधा तिनं पहिल्याच पानावर
पेन्सिल इतकी दाबली
की वजाबाकीच्या रेघेतून खालचं टेबल दिसलं.

मी काही बोलले नाही.
नऊ वर्षांची असताना मलाही
दशकाच्या दारी उसनं मागायला जायची
लाज वाटायची.

मग आम्ही तळ्याकाठच्या लाकडी घरी आलो.
इथं जूनमधली रात्र
उंबऱ्याशी चपला काढते,
आणि आत न येताच परत घालून निघून जाते.

डास मात्र मुक्कामाला असतात.
आतोस म्हणाला, मला सतरा चावले.
तुइस्कू म्हणाली, मला त्रेचाळीस.
"थापा! मोज."
मोजले. गुडघ्यामागचा एक दोनदा धरला होता.
बेचाळीस.
"म्हणजे तुझ्यापेक्षा..." ती थांबली, खाजवत.
मी बशी पुसत राहिले,
कोरडी झालेली तीच बशी.
"...पंचवीस जास्त!"
दोनातून सात जात नव्हते.
कुणीतरी कुणाकडून तरी उसना घेतला होता
आणि घरात कुणालाच पत्ता नव्हता.

संध्याकाळी, म्हणजे घड्याळातल्या संध्याकाळी, मोल्क्की.
बारा लाकडी ठोकळे, डोक्यावर एक ते बारा.
एकटा पडला तर त्याचा आकडा तुमचा.
घोळका पडला तर नुसती डोकी मोजायची.
ठोकळा जिथं पडेल तिथंच उभा करायचा,
आणि पोचायचं बरोबर पन्नासावर.
शेजारचा तौनो, चाळीस वर्षं लाकडं वाहणाऱ्या बोटीवर होता,
तो गुण लिहितो सौनाच्या भिंतीवर, कोळशानं.

तुइस्कू चव्वेचाळीसवर होती.
सहावर नेम धरला, सहाबरोबर सातही आडवा झाला.
दोनच. शेहेचाळीस.
आता हवे चार.
चार तिथंच उभा होता, अगदी साळसूद,
आणि तिची काठी जाऊन नवाला लागली.

पंचावन्न.
आतोसनं मोठा श्वास घेतला, ओरडायला.
मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं तो गिळला.
तौनोनं जुना आकडा तळव्यानं पुसला
आणि लिहिलं : पंचवीस.
"शून्य नाही?" तिनं विचारलं.
"शून्य कशाला? एवढं चाललीस ते काय फुकट?"
असं म्हणून तो तपकिरीची डबी शोधू लागला.

ती भिंतीकडे बघत राहिली.
मला रडं अपेक्षित होतं, रुमालही काढला होता.
"बारा, बारा आणि एक," ती म्हणाली.
पण तो एक
खेळता खेळता लांब सरकून
बेरींच्या झुडपात जाऊन उभा होता.
(ती हरली. आतोस जिंकला, आणि दोन दिवस सांगत फिरला.)

जुलैत त्या झुडपांना निळी फळं आली.
कृती चौघांची, पानं सहा, म्हणून सगळं दीडपट.
पीठ तीन वाट्या, साखर दीड.
अंडं एक, म्हणजे दीड.
दीड अंडं फोडायचं कसं?
"एक नीट," आतोस म्हणाला, "आणि एक अर्ध्या मनानं."

गठ्ठा खिडकीत तसाच होता.
एका थंड दुपारी तीच तो घेऊन सौनाच्या चुलीशी आली.
"एकोणचाळीस उरलीत. एका वेळी सहा लागतात पेटवायला.
साडेसहा सौना होतील."
मी आई आहे. मी नाही म्हणायला हवं होतं.
मी म्हटलं, "अर्ध्या सौनात न्हायचं कसं?"
"फक्त पाय," ती म्हणाली.

ऑगस्टमध्ये शाळेत बाईंना काय सांगायचं,
ते उदाहरण मला अजून सुटलेलं नाही.
तौनो म्हणतो, राख मोजून दे.
भिंतीवर आकडे तसेच आहेत, पंचवीसवर तळव्याचा ठसा,
आणि काल पहिल्यांदा, दहा वाजता,
ते वाचायला तिनं दिवा मागितला.