भोकाचा पैसा

इब्रीच्या सनाइयात, टायरवाल्यामागच्या शेडमध्ये
सकाळी साडेसहापर्यंत पत्रा हाताला सोसतो.
तेवढ्यात दार उतरवून घ्यायचं.

राशिद खल्फानच्या वडिलांची लँड क्रूझर,
रंग वाळूचा, खरवडलं तर खाली निळा.
इंजिन झालं, चासी झाली,
गुलजरीनने पोचे काढले एकूण एक.
राहिलं दार.
दार पडलंय, असं आम्ही म्हणतो.
असतं ते जागच्या जागीच,
पण लावताना खालून हात घालावा लागतो,
किंचित उचलायचं, मग ढकलायचं,
नाहीतर खटका घेत नाही.

पिन येईना.
दोन दिवस डिझेल पाजलं,
मग गॅस दाखवला, मग हातोडी, मग शिवी.
शिवी मराठीतच. बिनीश म्हणतो,
तुमची शिवी बसली की लोखंड सुटतं.
सुटलं.
पिन एका अंगाने कोरी,
दुसऱ्या अंगाने चाटून नेल्यासारखी.
इतकी वर्षं दार एकाच कुशीवर झोपलेलं.

व्हर्नियर लावला. जेमतेम अर्धा मिली.
आणि तिकडे खटक्यापाशी तेच दोन बोटं.
कुपवाडचे उस्ताद हे शिकवायचे, तंबाखू मळत:
मुळाशी केस, तर टोकाशी कोस.
मला इकडे येऊन बावीस वर्षं झाली.
घरी फोनवर हे वाक्य
मी अजून कुणाला ऐकवलेलं नाही.

खालच्या बिजागरीत, दोन पाकळ्यांच्या मधे,
काळी चिकट चकती निघाली.
वॉशर समजून रॉकेलमध्ये टाकली,
चिंधीने पुसली, तर तांबं.
भोकाचा पैसा.
आमच्याकडे पोरांच्या करदोट्यात ओवायचे, तो.
मुकुट घासून सपाट,
साल एकोणीसशे चाळीस आणि काहीतरी;
शेवटचा आकडा बिजागरीने खाल्लाय.

म्हणजे माझ्या आधी कुणीतरी
ह्याच उन्हात, गुडघ्यावर बसून,
वॉशर मिळेना म्हणून खिसा चाचपलेला.
कच्छी असेल, बलुची असेल,
राजापूरकडचाही असेल एखादा.
नाव नाही, सही नाही.
मापाची जाण मात्र होती:
पैसा अगदी नेमका बसला होता.

भोक अंड्यासारखं लांबटलेलं.
ते गोल करायचं म्हणजे आधी मोठं करायचं,
दुसरा उपाय नाही.
रीमर फिरवला, गनमेटलचे बुश ठोकले,
लेथवर पिन काढली. किस निळा होऊन
बुटावर पडत राहिला दुपारपर्यंत.

राशिद असरनंतर आला.
लाव, म्हटलं.
त्याने सवयीने खालून हात घातला, उचललं,
आणि दार उचलण्यासारखं नव्हतंच.
धाडकन आदळलं. बिनीश हसला.
पुन्हा लावलं, पुन्हा हात खालीच गेला.
तिसऱ्यांदा हात खिशात घातला त्याने
आणि एका बोटाने दार ढकललं.
खट्.
इतका बारीक आवाज
त्या गाडीतून कधी आलाच नसावा.

आईला बसवलं की असंच उचलायचो,
तो म्हणाला, गाडीशी बोलल्यासारखं.
मग मला म्हणाला, उस्ताद,
थोडं पहिल्यासारखं नाही का होणार?
थोडंच.

काय सांगणार?
लेथवर पिन निघते, बुश निघतो.
झीज काढता येत नाही.
ती वापरणाऱ्यानेच घालायची असते, रोज थोडी.

तो चहा सांगायला गेला तेव्हा
जपानचं पाकीट फोडलं नाही.
खालची पिन परत काढली, पैसा ग्रीसमध्ये बुडवला,
सपाट बाजू खाली, मुकुटाची वर,
होता तसा.

बिलात लिहिलं: वॉशर एक.
बिनीश म्हणाला, बिजागऱ्या दोन आहेत.
म्हटलं, आहेत ना.