कलम

मी झाडं मोजायला आलो होतो.
जमीन नाही. ती आमच्या तक्त्यात येतच नाही.
निलगिरी, तेवीस. कुडाची भिंत, अकरा हात.
विहीर एक, काठ ढासळलेला.
आणि गेशोचं झुडूप,
ज्याच्या पानांवाचून घरच्या तल्ल्याला कडूपणा येत नाही.

वगायेबाई दारात तेफ पाखडत होत्या.
हिरव्या पुस्तकात फोटो त्यांचाच,
शेजारी नवरा, उसन्या कोटात अवघडलेला.
‘वाच,’ म्हणाल्या. मला पाठच होतं:
कलम चाळीस. जमीन राज्याची आणि लोकांची.
कसता येते, विकता येत नाही.
वर जे उभं केलं, ते कसणाऱ्याचं.

‘म्हणजे पावलाच्या वर मी, पावलाखाली तुम्ही?’
लोक म्हणजे तुम्हीसुद्धा, मी म्हटलं.
‘मग मला कुणी विचारलं?’
तेफ इतकं बारीक
की सुपातून निसटलेला दाणा
राजालाही सापडायचा नाही.

राजाचं नाव निघालं तशा त्या बोलत सुटल्या.
बाप धन्याला तिसरा वाटा घालायचा,
वर मध, वर सणाचा मेंढा.
मालकीहक्क तेव्हाही घटनेत होता म्हणे,
धन्याचा.
मग शहरातून पोरं आली, ढगळ विजारीतली,
दोरीनं अदाचं काळं रान वाटून गेली.
जमीन कसणाऱ्याची!
बाप त्या रात्री बांधावरच निजला,
कुणी उचलून नेईल म्हणून.
चार वर्षांनी दोरी परत आली,
आखूड होऊन.

आता रस्ता येतोय, सहा पदरी.
मी काय बोलणार? रकाने भरले.
निलगिरीला दर आहे, सावलीला नाही.
‘आणि मुळं? ती कुणाची?’
तक्ता मागूनपुढून पाहिला.
साहेबांना विचारून सांगतो, म्हणालो.
अजून विचारलेलं नाही.

निघताना पाहिलं, त्या कुदळ घेऊन
गेशोच्या बुडातला फुटवा काढत होत्या,
मुलाकडे न्यायला, अदिसला, चौथ्या मजल्यावर.
‘तग धरेल का हे कलम?’
‘कुठलं?’ त्यांनी विचारलं.

मुळांना काळं ढेकूळ, तान्ह्या पोराच्या डोक्याएवढं.
राज्याचं. आणि लोकांचं.
माझ्याकडे बघत बघत
त्यांनी ते फडक्यात गच्च बांधलं.

मी लिहिलं: गेशो, एक.
मातीसह की मातीविना
तेवढं लिहायचं राहिलं.