त्रिकोण

वडगावात दड्डीकरांच्या मागांवर एक खोली.
खाली आठ पॉवरलूम, वर दोन कॉम्प्युटर,
आणि दार काढलेल्या कपाटात सर्व्हर.
टेबलफॅन एकच. तो त्याला.
आम्ही तिघं वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घ्यायचो.

पहिला व्हिडिओ एकोणीस सेकंदांचा –
खालचाच धोटा, इकडून तिकडे, तिकडून इकडे.
‘चालतंय काय बघूया की,’ भरमाणी म्हणाला.
तीन दिवसांत सात बघणारे.
त्यातले पाच आम्हीच धरून.

बटणावर काय लिहायचं, यावर भांडण झालं.
‘बघा,’ भरमाणी म्हणाला.
‘नोडरी,’ शिवलिंग म्हणाला.
दोन दिवस दोघं एकमेकांशी इंग्रजीत बोलले,
तेही चुकीच्या.
शेवटी मी एक त्रिकोण काढला, उजवीकडे टोक असलेला,
बाबांच्या टेपरेकॉर्डरवर असायचा तसा.
कुणी काही म्हणालं नाही.
शिवलिंगनं चहा सांगितला.

मग येळ्ळूरच्या आखाड्यातली एक कुस्ती आली,
कुणाच्या तरी मोबाईलवरची,
अर्धी लोकांच्या डोक्यांनी झाकलेली.
रात्री नऊला चारशे. अकराला नऊ हजार.
पुणे, शारजा, हुबळी, कुठलं तरी एक ओस्लो.
पावणेबाराला फ्यूज उडाला
आणि खाली आठही माग एकदम गप्प झाले.
त्या घरातली शांतता मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.
दड्डीकर जिना चढून आले, हातात टॉर्च, तोंडात शिव्या.
तार बदलली,
आणि सगळं परत सुरू झाल्यावर
दारातच उभं राहून अख्खी कुस्ती बघितली.
‘खालचा उठतोय बघ,’ म्हणाले.
पुढच्या महिन्यापासून भाडं वाढवलं.

आता बेंगळूरहून एक जण येणार आहे, पैसे घेऊन.
त्याला आलेख हवाय, वर जाणारा. तो आहे.
त्याला हेही हवंय, की एकदोघंच बघतात
ते व्हिडिओ काढून टाकावेत. जागा खातात.

माझं काम, आलेलं सगळं आधी बघून मग सोडायचं.
रोज साडेआठला कडोलीहून एक येतो:
अंगणातला नळ, बादली, कडेला कुणाची तरी जांभळी चप्पल.
अकरा सेकंद. कुणी बोलत नाही.
रोज एकच बघणारा.
त्यात मला धरत नाहीत.

आज बादली नव्हती.
मी पुन्हा लावून बघितलं.