आधी हाताने

पहाटे साडेपाचला लष्करात
धुकं इतकं, की समोरचा नळ फक्त ऐकू येतो.
बर्फाची पेटी मागच्या सीटवर ठेवते,
चावी फिरवते,
आणि तो खडखडाट,
डब्यात सुपाऱ्या हलवाव्यात तसा.
तीन सेकंद. मग नाही.

तीन सेकंदांसाठी कुणी गॅरेजात जातं का?
शेजारचे कानिटकर म्हणाले, डिझेल आहे, बोलणारच.
पण मी मुरारपासून हजिऱ्यापर्यंत
उपाशी माणसांचं रक्त काढत हिंडते,
बोटाखालून शीर निसटली तर मला कळतं.
हे निसटत होतं काहीतरी.

गाडी श्रीरंगची. भाऊ माझा.
"इंजिन बदललंय ताई, मायापुरीचं आहे, दिल्लीचं.
कमी चाललेलं. आरसीवर नंबरही चढवून घेतलाय."
भाऊबीजेला ओवाळलं त्याला,
निरांजन नीट फिरवलं,
ताटात पडलेल्या पाकिटाकडे पाहिलं नाही.
त्याने पाहिलं, मी पाहत नाही ते.

बहोडापूरला ट्रान्सपोर्ट नगरात कमरूभाई.
त्याने गाडी रात्रभर ठेवून घेतली,
गरम इंजिन खोटं बोलतं म्हणून.
पहाटे रजई पांघरूनच आला,
पेचकसाचं टोक झाकणाला, मूठ कानाला.
"चेन," म्हणाला, आणि चहा मागवला.

क्रँकला एक पिन, कॅमला एक पिन,
मोडक्या ड्रिलचा तुकडा घासून त्यानेच केलेली.
मधली साखळी निघेपर्यंत
दोघांपैकी कुणी हलायचं नाही.
जुनी साखळी नवीशेजारी गोणपाटावर टाकली.
एक टोक जुळवलं, तर दुसऱ्या टोकाला
जुनी अर्ध्या कडीने पुढे.
लोखंडसुद्धा लांबतं. रोज थोडं ओढलं की.

मग खालची तेलाची परात उतरवली.
काळ्या गाळात तपकिरी प्लॅस्टिकचे तुकडे,
नखाएवढे. जाळी निम्मी बुजलेली.
टिल्लूने दोन्ही गाइड आणून पुढ्यात ठेवले.
शाबूत. ना टवका, ना चीर.
कमरूभाई उकिडवा बसून राहिला बराच वेळ.
"मॅडम, ये आपकी नहीं है.
किसी और की टूटन है."

कुणीतरी होतं दिल्लीत.
त्याचं मोडलं, त्याने नवं घातलं,
आणि जे खाली पडलं
ते काढायला कुणी वाकलं नाही.
तुकडे इंजिनाच्या पोटात बसून
चंबळ ओलांडून श्रीरंगच्या दारी आले, मग माझ्या.
थंडीत जड झालेलं तेल
त्या जाळीतून तीन सेकंद उशिरा चढायचं,
तेवढा वेळ टेन्शनर ढिला, साखळी मोकाट.
श्रीरंगला ठाऊक नव्हतं.
ठाऊक असणं शक्यच नव्हतं.
म्हणजे, निदान हे तरी.

साखळी नवी, टेन्शनर नवा, जाळी पेट्रोलने धुतलेली.
एकोणीस हजार चारशे, टिल्लूचे वेगळे.
चावी घालायला मी पुढे झाले, त्याने आडवा हात केला.
लांब पाना क्रँकच्या बोल्टला लावून
हाताने फिरवलं इंजिन. एक फेरा.
थांबला. दुसरा.
चुकलं असेल तर हाताला अडेल, म्हणाला,
चावीने कळेपर्यंत वॉल्व वाकलेले असतात.

रात्री श्रीरंगला फोन लावला.
यंदाची गजक आणलीस का, विचारलं.
गुडघ्याचं विचारलं.
तोच म्हणाला मग, "गाडी काय म्हणते?"
मी जराशी थांबले.

ते तुकडे माझ्याकडे आहेत,
रक्ताच्या रिकाम्या नळीत, बूच लावून.
सवयीने लेबल चिकटवलं, तारीख घातली.
नावाच्या रकान्यात काही सुचलं नाही.
"उपाशी पोटी" यापुढे मात्र
बरोबरची खूण झालेली आहे.