इतिवृत्त

तांडापेठेतल्या आमच्या गल्लीच्या बैठकीचं
रजिस्टर माझ्याकडे असतं, अकरा वर्षं झाली.
हिरवी पाठ, कोपऱ्यांना डिंक,
मधल्या पानावर तर्रीचा एक गोल डाग.
कोणाच्या प्लेटचा, ते मी लिहिलेलं नाही.

लिहायची एक पद्धत असते.
दोन माणसं एकमेकांच्या बापापर्यंत पोचली
तर मी लिहिते : सविस्तर चर्चा झाली.
कोणी चपला घालून तरातरा निघून गेलं
तर : काही सदस्यांनी रजा घेतली.
त्यामुळे माझ्या रजिस्टरात
आमची गल्ली फार शहाणी आहे.

मे महिना. विषय क्रमांक दोन, कडुनिंब.
दिवसभर प्यालेलं ऊन
रात्री नऊला भिंती परत करत होत्या.
ऐकू यावं म्हणून कूलर बंद.
निर्गुणजी सोनकुसरेंच्या भिंतीला तडा गेलेला,
बोट जाईल एवढा. मुळं आत शिरली.
पाडा झाड, ते म्हणाले, विषय संपवा.

वरच्या खोलीतली विशाखा खोब्रागडे उठली.
मेडिकलमध्ये रात्रपाळी करते,
दिवसा त्याच झाडाच्या सावलीत असलेल्या खोलीत झोपते.
अख्खं काहून पाडता काका,
नुसतं भिंतीकडचं मूळ जर

"दोन दिवसाच्या भाडेकरूनं
झाडाबद्दल बोलू नये बाई."

मोठा हशा झाला.
मीही हसले.
ती बसली, आणि ओढणीच्या टोकाची
नसलेली घडी नीट करत राहिली.

घरी येऊन मी 'सवि' एवढं लिहिलं
आणि पेन थांबलं.
खोडलं. मग होतं तसं उतरवलं,
नावासकट, अवतरणचिन्हांत.
खाली लिहिलं : हशा. लिहिणारीही हसली.

पुढच्या रविवारी मागचं इतिवृत्त वाचलं.
ते वाचताना कोणी ऐकत नाही,
चिवड्याची पुडी फिरत असते.
मी वाचत गेले, एका सुरात,
पाणीपट्टी वाचावी तसं.
त्या वाक्याशी पुडी थांबली.

हे मी म्हणलो?
हो.
असं नाही म्हणलो मी.
हातमागावर कान गेलेले हेडाऊबुवा
पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले :
असंच म्हणला तू. मलेसुद्धा ऐकू आलं होतं.

निर्गुणजींनी टोपी काढली, मांडीवर ठेवली,
पुन्हा घातली.
खोडून टाका ते, म्हणाले, हळू.

खोडू नका, विशाखा म्हणाली.
राहू द्या ते. त्याच्या आधीचं
माझं वाक्य अर्धं आहे,
तेवढं पूर्ण करून घ्या.

मग तिनं ते पूर्ण केलं.
भिंतीलगत चर, कमरेएवढा खोल.
एकच मूळ कापायचं, तेही पाऊस सरल्यावर.
झाड वाचेल. बहुतेक.

निर्गुणजी म्हणाले,
अन् भिंत पुन्हा चिरली तं?

मी लिहिता लिहिता थबकले.
अकरा वर्षांत त्यांच्या नावापुढे
हे पहिलंच प्रश्नचिन्ह.

तर माझं चुकलं असं लिहा, ती म्हणाली,
नावासकट.

साडेअकरापर्यंत बोलणं चाललं.
आवाज चढले, नाही असं नाही.
ती त्यांना पटली नाही, ते तिला पटले नाहीत.
पण उठताना निर्गुणजींनी विचारलं,
तडा वाढून राहिला का नाही, हे कळावं कसं?
तिनं कागदाची एक पट्टी मागितली.
मी रजिस्टरातलं कोरं पान फाडून दिलं.

आता ती पट्टी तड्यावर आडवी चिकटवलीय,
तारीख घालून. फाटली, की भिंत हलली.
सकाळी ती ड्यूटीवरून येते,
ते त्याच कडुनिंबाची काडी चावत उभे असतात,
दोघं वाकून बघतात
आणि अजून भांडतात.

ठराव : नाही.
विषय क्रमांक दोन, पुढे चालू.
सविस्तर चर्चा झाली.